टाइमटेबल बाजूला ठेव, आधी खाडे मांड

ताई, नमस्कार.

मी एसवाय बीकॉमला आहे. राहायला दिवा, कॉलेज माटुंग्याला. एफवायच्या म्हणजे पहिल्या वर्षाच्या मॅथ्स-स्टॅट आणि अकाउंट्स अशा दोन केट्या, म्हणजे राहिलेले विषय, अजून डोक्यावर आहेत. पहिलं लेक्चर सात वीसला असतं, ते आठवड्यातून दोनदा तरी बुडतं. मागच्या महिन्यात कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली, त्यात माझं नाव होतं. घरी अजून सांगितलेलं नाही.

मी आळशी नाही, ताई. जूनपासून सात टाइमटेबलं केली. शेवटचं तर चार रंगांच्या पेनांनी केलं, पहाटे साडेचार ते रात्री अकरा. तिसऱ्या दिवशी मोडलं. मग वाटतं, आता सोमवारपासून. आमच्या एक मॅडम म्हणाल्या, "सेल्फ-मॉनिटरिंग कर." म्हणजे स्वतःवर लक्ष ठेव. पण लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं करायचं काय? घरात आम्ही पाच जण एका खोलीत. बाबा रात्री विचारतात, "किती तास अभ्यास झाला?" मी सांगते, चार. खरं किती ते मलाच माहीत नाही. आणि मी वहीतसुद्धा खोटंच लिहिलं तर?

एक वाचक, दिवा

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली: "खरं किती ते मलाच माहीत नाही." केट्या, डिफॉल्टर लिस्ट, मोडलेली सात टाइमटेबलं, सगळ्यांचं मूळ मला त्या वाक्यात दिसतं. मी सव्वीस वर्षं कॉमर्सच्या मुलांना अकाउंट्स शिकवलं. नापास झालेली मुलं निकालानंतर भेटायला यायची तेव्हा मी एकच विचारायचे, "परीक्षेआधीच्या आठवड्यात तू काय काय केलंस, ते सांग." रडणारी मुलं गप्प व्हायची. सांगायचं नसायचं म्हणून नाही, खरोखरच आठवत नसायचं. आठवडा गेलेला असायचा आणि हाताशी नुसती एक भावना उरलेली असायची, की खूप केलं, किंवा काहीच केलं नाही.

माझी आई लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, आणि गिरणीतले चौदा जण पाळीप्रमाणे जेवायला. आईचं शिक्षण दुसरीपर्यंत. स्टोव्हच्या वर भिंतीला कॅलेंडर टांगलेलं होतं आणि त्यावर सगळ्यांचे खाडे. जो जेवायला आला नाही त्याची खूण त्या तारखेच्या चौकोनात, कुणाची फुली, कुणाचं टिंब, कुणाची आडवी रेघ. महिनाअखेरीला खाडे वजा करून पैसे घ्यायची. पण मला जास्त आठवतं ते वेगळंच. अधूनमधून ती त्या कॅलेंडरसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि थोड्या वेळाने म्हणायची, "रात्रपाळीवाले सोमवारी जेवायला येत नाहीत. सोमवारी पीठ कमी भिजवायचं." कुणावर चिडायची नाही, कुणाला बोल लावायची नाही. खुणा बघायची आणि पिठाचं माप बदलायची.

तुझ्या मॅडमनी जे सांगितलं ते हेच काम आहे, फक्त इथे खानावळ तूच चालवतेस आणि जेवायला येणारीही तूच. एखादी ठरवलेली गोष्ट घडली की नाही घडली हे तिथल्या तिथे ओळखायचं, ओळखल्याबरोबर खूण करायची, आणि काही दिवसांनी खुणांसमोर उभं राहायचं. दुधाचे खाडे तुझ्याही घरात कुणीतरी मांडत असेलच. दूधवाल्याशी महिन्याच्या शेवटी वाद होत नाही तो या खुणांमुळेच.

टाइमटेबल का मोडतं, तर ते पुढे काय व्हावं याबद्दलच बोलतं. पहाटे साडेचारला उठणारी, रात्री अकरापर्यंत न थकणारी, लोकलच्या गर्दीतून उतरल्यावर ताजीतवानी असणारी जी मुलगी त्या कागदावर आहे, ती दिव्याला राहत नाही. तिला कुणी ओळखत नाही. जिला ओळखायचंय ती मुलगी सात वीसचं लेक्चर आठवड्यातून दोनदा का चुकवते, रात्री पुस्तक उघडल्यावर कितव्या मिनिटाला तिचा हात फोनकडे जातो, कन्साइनमेंटचं, म्हणजे विकायला दुसऱ्याकडे पाठवलेल्या मालाच्या हिशोबाचं, गणित नेमकं कुठे सोडून देते, यातलं काहीही त्या चार रंगांत नव्हतं. म्हणून सध्या ते बाजूला ठेव. पुढे लागेल तेव्हा दुसरं कर, खाड्यांवर बेतलेलं.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. वहीत खोटं लिहिलं तर?

अमेरिकेत १९७१ साली ब्रोडेन, हॉल आणि मिट्स या तिघांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवीतली एक मुलगी, इतिहासाच्या तासाला तिचं लक्ष नसायचं, आणि ती स्वतःच शाळेच्या समुपदेशकाकडे मदत मागायला गेली होती. त्यांनी तिला चौकोन आखलेली एक चिठ्ठी दिली. तासाला जेव्हा जेव्हा आठवण होईल तेव्हा बघायचं, आत्ता अभ्यासात आहे का? असेल तर अधिकचं चिन्ह, नसेल तर वजाचं. बस, एवढंच. चिठ्ठीआधी निरीक्षकांच्या मोजणीप्रमाणे ती तासातला साधारण ३० टक्के वेळ अभ्यासात असायची, चिठ्ठी आल्यावर ते प्रमाण ७८ टक्क्यांच्या आसपास गेलं. आणि तुझ्यासाठी महत्त्वाचं ते पुढे आहे. तिच्या रोजच्या खुणा निरीक्षकांच्या नोंदींशी तंतोतंत जुळत नव्हत्या. कधी तिने स्वतःला जास्त दिलं होतं, कधी कमी. तरीही वागणं बदललं. खूण अचूक होती म्हणून हा फरक पडला नव्हता. खूण करण्यासाठी तिला दर थोड्या वेळाने स्वतःकडे वळून बघावं लागत होतं, त्याने पडला, असं मला वाटतं. त्याच अभ्यासात दुसरा एक मुलगा होता, मध्येच मोठ्याने बोलायची सवय असलेला. त्याच्या बाबतीत परिणाम तितका टिकला नाही. सगळ्यांना सारखं लागू पडतं असं मी तुला सांगणार नाही. पण फरक लक्षात घे: ती मुलगी मदत मागायला आपणहून गेली होती. तूही आपणहून लिहिलं आहेस.

तेव्हा खोट्याची भीती बाळगू नकोस. एखाद्या दिवशी चुकीची टिक पडली तर पडू दे. खोटं बोलायची गरज पडू नये अशी वही करणं मात्र तुझ्या हातात आहे. त्यासाठी पहिली अट, ती वही कुणालाही दाखवायची नाही. बाबांना नाही, मॅडमना नाही, मैत्रिणीलाही नाही, निदान पहिले दोन आठवडे. दुसरी अट, पहिल्या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. हो, काहीही नाही. लेक्चर बुडलं तर बुडू दे, फक्त खाडा मांड. रील्स बघत बसलीस तर बस, फक्त लिही. तुला हे विचित्र वाटेल, पण डॉक्टरसुद्धा औषध द्यायच्या आधी ताप किती आहे ते बघतात. पहिल्याच दिवशी सुधारायला निघालीस तर ते आठवं टाइमटेबल होईल.

काय मोजायचं, इथे बहुतेक जण घसरतात. बाबा तास विचारतात म्हणून तू तास मोजायला जाशील. मला तासांवर अजिबात भरवसा नाही. पुस्तक उघडं ठेवून खिडकीबाहेर बघितलेला तासही तासच असतो. तुझा विषय अकाउंट्स आणि मॅथ्स-स्टॅट आहे, हे नशीबच समज, कारण इथे मोजायला सम आहेत, म्हणजे सोडवायची गणितं. सम पूर्ण सोडवलास आणि सोल्युशनकडे एकदाही बघितलं नाहीस तर टिक. मध्ये बघावं लागलं तर गोल. अडलीस आणि सोडून दिलास तर फुली, आणि फुलीसमोर अडलेली जागा दोन शब्दांत. म्हणजे एखाद्या दिवसाची ओळ अशी दिसेल: "मंगळवार, रात्री ९.४०, गॅलरीत, कन्साइनमेंट, टिक, गोल, फुली – अॅबनॉर्मल लॉस." म्हणजे तिसरा सम अपघाताने झालेल्या मालाच्या नुकसानीपाशी अडला. लिहायला वीस सेकंद लागतात. याच्यापेक्षा जास्त वेळ लागणारी नोंद दहा दिवसांत बंद पडते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

टिक आणि गोल वेगळे का ठेवायचे तेही सांगते. सोल्युशन समोर ठेवून सम वाचला की सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं फसवं असतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी कॉलेजच्या मुलांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणाऱ्यांना सरासरी ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. तुझ्या वहीत गोलच गोल असतील आणि टिक कमी, तर तू मेहनत करते आहेस पण ती पेपराच्या दिवशी कामाला येणार नाही, हे तुला निकालाच्या तीन महिने आधी कळेल.

वर्तनाची एकच गोष्ट घे, त्याहून जास्त नको. सात वीसचं लेक्चर. मुंबई विद्यापीठाचा नियम सगळ्या विषयांची मिळून सरासरी ७५ टक्के हजेरीचा आहे, पण तू प्रत्येक विषयात तेवढी धर. आठवड्याला चार लेक्चरं आणि पंधरा आठवडे धरले तर एका विषयाची साठ होतात, म्हणजे पंचेचाळीस बसायलाच हवीत आणि पंधरा चुकली तर चालतात. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक विषयाचे असे पंधरा चौकोन आख. खाडा झाला की एक चौकोन काळा कर आणि बाजूला कारण लिही. "उठले नाही" हे कारण नव्हे. का उठली नाहीस, रात्री किती वाजता झोपलीस, कुठली गाडी चुकली, ते लिही. कुर्ला-शीवला पाणी भरून गाडी अडकली असेल तर तसं लिही, तो तुझा दोष नाही, पण चौकोन तरी काळा झालाच. डिफॉल्टर लिस्ट नोटीस बोर्डावर लागते तेव्हा उशीर झालेला असतो. तुझी लिस्ट तुझ्या बॅगेत असेल, आणि उरलेले पांढरे चौकोन रोज डोळ्यांसमोर असतील.

माझी एक विद्यार्थिनी होती, कळव्याची. तीही स्वतःला आळशी म्हणवून घ्यायची. तिला मी महिनाभर कारणासकट खाडे मांडायला लावले. महिन्याने वही घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी बघतच राहिलो. जवळजवळ सगळे खाडे बुधवारचे आणि शनिवारचे. त्या दोन दिवशी त्यांच्या चाळीत पहाटे पाणी यायचं आणि ते भरायचं काम तिच्याकडे होतं. वर्षभर हे काम करून, उशीर होऊन, स्वतःला आळशी म्हणत होती ती मुलगी. धाकट्या भावाने बुधवार उचलला, एवढ्याने अर्ध्याहून जास्त प्रश्न सुटला. मला आजही तिचा तो चेहरा आठवतो. तुझ्या खाड्यांमागे पाणी असेल, रात्रीचा फोन असेल, की पहिल्या लेक्चरच्या सरांची भीती असेल, ते वही सांगेल. तिला सांगू दे, आधीच निकाल देऊन मोकळी होऊ नकोस.

गाडीबद्दल एक सुचवते, आणि हे मला मनापासून आवडतं म्हणून थोडं सविस्तर. शाळेतल्या मुलांसाठी एक पद्धत वापरतात. ठरावीक वेळाने घंटा वाजते आणि घंटेला मूल स्वतःला विचारतं, आत्ता मी कामात आहे का? तुला घंटा विकत घ्यायची गरज नाही. दिव्याहून माटुंग्याला स्लो गाडीत बारा स्टेशनं मध्ये लागतात: मुंब्रा, कळवा, ठाणे, मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव. लेडीज डब्यात पुस्तक उघडायला जागा नसते हे मला माहीत आहे, कोपर हलवायलाही नसते. पण आठवायला जागा लागत नाही. स्टेशन सोडून गाडी हलली की एक प्रश्न मनात घ्यायचा: कोरिलेशनचं सूत्र. अॅन्युइटी म्हणजे काय. इंडेक्स नंबर कशासाठी काढतात. पुढचं स्टेशन येईपर्यंत उत्तर आलं तर एक बोट मिटायचं. ठाण्यापर्यंत तीन प्रश्न, मुलुंडला एकदा स्वतःकडे बघायचं, मन प्रश्नात आहे की समोरच्या बाईच्या फोनमधल्या मालिकेत. माटुंग्याला उतरलीस की जिन्यावर चढायच्या आधी वहीत आकडा लिही, बारापैकी किती. पहिल्या दिवशी दोन आले तरी लिही. परतीला हे करू नकोस. परतीला दमलेली असतेस, जागा मिळाली तर झोप.

फोनसाठी वेगळं अॅप घालू नकोस. अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आधीपासूनच असतं, रविवारी एकदा तो आकडा वहीत उतरवून घे. फोन आपणहून मोजतो म्हणूनच त्या आकड्याने फारसं काही हलत नाही, असं माझं मत आहे. हाताने लिहिताना माणूस क्षणभर थांबतो. त्या थांबण्यासाठी तर हा सगळा उद्योग.

रविवार आता नीट ठेव. वीस मिनिटं, चहा घेऊन, वही समोर. माझ्या आईसारखं उभं राहून बघितलंस तरी चालेल. तीनच गोष्टी शोधायच्या: टिक कुठल्या वेळेला आणि कुठल्या जागी जास्त पडल्या, फुल्यांसमोर एकच शब्द पुन्हापुन्हा येतो का, आणि खाडे कुठल्या वारी. जागेचा रकाना मी मुद्दाम लिहायला सांगितला. पाच जणांच्या एका खोलीत अभ्यास होत नाही ही तक्रार खरी आहे, मीही तशाच खोलीत वाढले. वरळीला बीडीडी चाळींजवळ सुदाम काळू अहिरे मार्ग आहे, सगळे त्याला अभ्यास गल्ली म्हणतात. घरात जागा नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मुलं तिथल्या रस्त्याच्या दिव्यांखाली बसून शिकली. तुला दिव्याहून वरळी परवडणार नाही, पण कॉलेज सुटल्यावर तुझ्या लायब्ररीतला दीड तास आणि रात्रीची गॅलरी यांत टिक कुठे जास्त पडतात हे दोन रविवारांत स्पष्ट दिसेल. लायब्ररीत पडत असतील तर रात्री अकरापर्यंत जागायचा हट्ट सोड. पीठ कुठल्या दिवशी किती भिजवायचं ते असंच ठरतं.

फुल्यांसमोर "अॅबनॉर्मल लॉस" पाच वेळा आलं असेल तर अकाउंट्स अजिबात येत नाही असं म्हणणं बंद कर. तुला अॅबनॉर्मल लॉसचं मूल्य काढता येत नाही, एवढंच खरं आहे. ते घेऊन सरांकडे जा. "सर, अकाउंट्स समजत नाही" म्हणणाऱ्या मुलाला मी काय उत्तर देणार? आणि "मॅडम, नॉर्मल लॉस (नेहमीची घट) आधी वजा करायचा की नंतर?" असं विचारणाऱ्याला मी स्टाफरूमच्या दारात उभ्याउभ्या समजावलेलं आहे, पाच मिनिटांत.

दुसऱ्या आठवड्यापासून लक्ष्य ठेव, पण ते वहीतून काढ. पहिल्या आठवड्यात न बघता सुटलेले सम सहा असतील तर पुढच्या आठवड्याला आठ. वीस नव्हे. खाडे दोन असतील तर एक. जमलं तर स्वतःला काहीतरी दे, वडापाव असेल, एक एपिसोड असेल, ते तुझं तू ठरव. नाही जमलं तर लक्ष्य एकाने कमी कर आणि पुढे चल. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॅन्फर यांनी १९७० च्या सुमारास स्वनियंत्रणाचे तीन भाग मांडले होते, आधी स्वतःकडे पाहणं, मग ठरवलेल्याशी ताडून बघणं, मग स्वतःला त्याप्रमाणे फळ देणं. तुझ्यासारखी मुलं पहिला भाग गाळून थेट तिसऱ्यावर जातात आणि फळ म्हणून फक्त शिव्या देतात. न बघताच निकाल, आणि निकाल कायम एकच. हे मला सहन होत नाही, कारण यात चांगल्या चांगल्या मुली खचताना मी पाहिल्या आहेत.

कॉलेजच्या इंटर्नल परीक्षेला आणखी एक कर. पेपर लिहून बाहेर आलीस की मैत्रिणींशी उत्तरं ताडून बघायच्या आधी वहीत लिही, मला किती पडतील. मार्क आले की शेजारी खरे लिही. चार-पाच परीक्षांनंतर तुला स्वतःचा अंदाज कुठल्या बाजूला झुकतो ते कळेल. अंदाज नेहमी जास्त येत असेल तर गोलांना तू टिक समजते आहेस. नेहमी कमी येत असेल तर भीती तुझ्या वतीने बोलते आहे.

बाबांचं काय करायचं? ते तास विचारतात कारण त्यांना दुसरं काय विचारायचं ते माहीत नाही. विचारणं काळजीचं आहे. पण "किती तास?" या प्रश्नाला चार हे उत्तर फार सोपं आहे, म्हणून तू ते देतेस. दोन आठवड्यांनंतर, ते विचारतील तेव्हा सांग, "बाबा, आज तीन सम केले, दोन न बघता सुटले, एक अडला." मग तेही हळूहळू तासांऐवजी "आज किती सुटले?" असं विचारू लागतील. २०१६ मध्ये १३८ अभ्यासांतल्या जवळजवळ वीस हजार लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, त्यात दिसलं की प्रगतीवर लक्ष ठेवल्याने ती वाढते, आणि ती नुसती मनात न ठेवता लिहून ठेवली किंवा कुणाला सांगितली तर आणखी वाढते. म्हणून वही तुझीच, पण आठवड्याचा आकडा कुणाला तरी सांगायचा. बाबा नको असतील तर डब्यातली रोजची मैत्रीण चालेल. सांगणं आणि तपासू देणं यांत फरक आहे. कुणी तुझी वही रोज उघडून बघायला लागलं की ती तुझी राहत नाही, आणि मग खरंच खोटं लिहिलं जाईल.

ही वही जन्मभर ठेवायची नाही. सहा-आठ आठवडे नेटाने ठेव. लेक्चर आपोआप मिळायला लागलं की त्याची खूण थांबव, समांची चालू ठेव. केट्यांच्या परीक्षेआधी पुन्हा दोन्ही सुरू कर.

आणि एक गोष्ट वहीच्या कुवतीबाहेरची. खाड्यांसमोर दिवसामागून दिवस "उठावंसंच वाटलं नाही", "रडू आलं", "झोप लागली नाही" असंच लिहावं लागत असेल, दोन आठवडे सलग, तर तो अभ्यासाचा प्रश्न नाही आणि तो खुणांनी सुटणार नाही. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे जा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस फुकट मिळते, मराठीतही बोलता येतं. तो फोन करण्यात लाज नाही.

डिफॉल्टर लिस्टचं घरी आजच सांग असं मी म्हणत नाही. आधी चौकोन आख. कॉलेजातून आतापर्यंतची हजेरी विचारून घे, आणि जितके खाडे झालेत तितके चौकोन काळे कर. मग ते पान घेऊन आईजवळ बस. किती गेले आणि किती उरले हे तुझ्या हाताने लिहिलेलं तिच्यासमोर असेल, आणि बोलणं तिथून सुरू होईल. वही खिशात मावेल एवढी घे, शंभर पानी छोटी, दादरला स्टेशनबाहेर सहज मिळते. पेन बॅगेच्या तळाशी टाकू नकोस, वरच्या कप्प्यात ठेव. शीव गेलं की काढायचं.

तुझी,
ताई